प्राँगहॉर्न घटलेत, मग यंदा वायोमिंगचा परवाना घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहता, शेजारच्या वायोमिंग राज्यात प्राँगहॉर्नच्या (उत्तर अमेरिकेच्या माळावरचा हरणासारखा प्राणी) नरासाठी चार पॉइंट, म्हणजे परवान्यांच्या सोडतीत प्राधान्य देणारे गुण, साठवले आहेत, आणि २०२२-२३ च्या हिवाळ्यात कळपच्या कळप गेल्याचं ऐकून अडखळला आहात. यंदा अर्ज करावा, अजून थांबावं, की मित्र सांगतोय तसा मादीचा स्वस्त परवाना काढून मोकळं व्हावं? शेवटी तुम्ही हेही विचारलंय, की घटत्या प्राण्याची शिकार करणं बरोबर आहे का. माझ्या मते हा शेवटचा प्रश्नच खरा आहे. त्याचं उत्तर नीट मिळालं की बाकीचं आपोआप सुटतं.

आधी एक गोष्ट. 'वायोमिंगमध्ये इतके प्राँगहॉर्न उरले' हा राज्याचा एकच आकडा धरून काहीही ठरवू नका. राज्यात चाळीसच्या आसपास वेगवेगळे कळप मोजले जातात आणि त्यांची नशिबं वेगळी असतात. त्या हिवाळ्यात पश्चिम वायोमिंगमधल्या पाइनडेलकडचा सबलेट कळप जवळपास निम्मा झाला. त्याच वर्षी राज्याच्या दुसऱ्या टोकाला काही कळपांना फारसा धक्का लागला नाही. २०१०-११ च्या हिवाळ्यात माँटानाच्या ईशान्य भागाचं असंच झालं होतं, आणि तेव्हा वायोमिंगमधल्या बऱ्याच शिकाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. म्हणून 'घटलेत का?' असं विचारू नका. 'मी ज्या क्षेत्राचा अर्ज करतोय तिथला कळप कुठल्या कारणानं घटला, आणि तो भरून येतोय का?' असं विचारा.

कारणं दोन प्रकारची असतात, आणि शिकाऱ्यानं ती वेगळी ठेवायला हवीत.

पहिला प्रकार म्हणजे एकाच हंगामाचा फटका. प्राँगहॉर्नचे खूर लहान आणि टोकदार असतात, त्याला बर्फ फारसा उकरता येत नाही. हिवाळ्यात तो जगतो तो बर्फावर डोकं काढून उभ्या असलेल्या सेजब्रशच्या झुडपांवर. बर्फ खोल पडला, मधेच थोडं वितळून वर कडक पापुद्रा आला आणि मग थंडी आठवडेच्या आठवडे हटली नाही, तर झुडूप दिसतं पण तोंडाशी येत नाही. तेव्हा कळप खाली सरकायला बघतो आणि वाटेत कुंपणं, रेल्वेचे रूळ आणि आंतरराज्य महामार्ग ८० आडवे येतात. २०२३ मध्ये पाइनडेलजवळ याच्या जोडीला मायकोप्लाझ्मा बोव्हिस या जिवाणूची साथ आली. फुप्फुसाचा हा आजार गुरांमध्ये जुना आहे. प्राँगहॉर्नमध्ये तो २०१९ साली जिलेटजवळ आढळला होता, आणि त्यात धडधाकट दिसणारी जनावरंही पटापट मरतात. उन्हाळा कोरडा गेला तर ऑगस्ट-सप्टेंबरात पाणवठ्यावरच्या बारीक चावऱ्या माश्यांमुळे पसरणारे रक्तस्रावी आजार येतात, ती वेगळी कथा. असे फटके मोठे असले तरी माळ शाबूत असेल तर कळप त्यातून उठतो.

दुसरा प्रकार आवाज न करता चालतो. वायोमिंगमधल्या ४० कळपांच्या १९८४ ते २०१९ या काळातल्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. बऱ्याच कळपांत माद्यांमागे जगणाऱ्या पाडसांचं प्रमाण वर्षानुवर्षं उतरत आलंय, असं त्यात दिसलं. तेल-वायूच्या विहिरींची वाढ आणि माळावर झाडांचं अतिक्रमण या दोन गोष्टींशी ही घसरण जोडलेली आढळली. झाडं वाढली म्हणजे चांगलंच, असं आपल्याला वाटतं. पण प्राँगहॉर्नचा बचाव दूरवरच्या नजरेवर आणि वेगावर असतो. जुनिपरची दाटी झाली की कोल्ह्याच्या जातीचा कायोटी दिसत नाही आणि खालच्या रुंद पानांच्या वनस्पती आणि फुलझाडंही मरतात, ज्यांच्यावर व्यायलेल्या मादीचं दूध अवलंबून असतं. चीटग्रास या परक्या गवतामुळे वारंवार लागणारे वणवे सेजब्रश जाळून टाकतात, आणि सेजब्रश पुन्हा उभं राहायला काही दशकं लागतात. अशा ठिकाणी चार सौम्य हिवाळे आले तरी कळप पूर्वीच्या आकड्यावर जात नाही.

कायोटीबद्दलही बोलतो, कारण प्रत्येक गप्पांत सगळा दोष तिथे जातो. पाडसं जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांत कायोटी खूप पाडसं मारतात, हे खरंच आहे. यलोस्टोनच्या परिसरात लांडगे असलेल्या भागात पाडसं जास्त जगली, कारण लांडगे कायोटींना हुसकावतात, हेही नोंदलं गेलंय. पण हिवाळ्यात हौसेनं चार कायोटी मारून जूनमधल्या पाडसांना काही फायदा होत नाही. त्यांची जागा दुसरे घेतात. नियंत्रण करायचंच तर ते पाडसं जन्मण्याच्या तोंडावर आणि त्याच जागी करावं लागतं. आणि चारा चांगला असला की कायोटी असूनही कळप वाढतो.

आता हिशेब. परवान्यांची सगळी गोम यातच आहे, म्हणून इथे जरा सावकाश वाचा. आकडे समजावण्यापुरते गोल धरले आहेत, तुमच्या कळपाचे वेगळे असतील.

१०० माद्या घ्या. बऱ्या वर्षात त्यांतल्या ८५ पुढच्या वर्षी जिवंत असतात, म्हणजे १५ जागा भरायच्या. ऑगस्टच्या मोजणीत १०० माद्यांमागे ५० पाडसं दिसली, तर त्यांत २५ माद्या. पाडसांपैकी साधारण ६० टक्के हिवाळा काढतात असं धरलं, तर १५ तरुण माद्या कळपात येतात. गेल्या १५, आल्या १५. कळप जागच्या जागी. यात शिकाऱ्यांनी फक्त ५ माद्या मारल्या, तर २० जागा भरायच्या होतात आणि त्यासाठी ऑगस्टमध्ये १०० मागे ६७ पाडसं लागतात. पन्नासला स्थिर, सदुसष्टला स्थिर: मधला सगळा फरक त्या पाच माद्यांचा आहे.

आता वाईट हिवाळा घाला. माद्या ८५ ऐवजी ६५ जगल्या आणि पाडसं ६० ऐवजी २० टक्केच जगली. आलेल्या ५ धरून कळपात ७० माद्या उरल्या. पुढे एकही मादी मारली नाही आणि दरवर्षी १०० मागे ७० पाडसं मिळाली, तर कळप वर्षाला सहा टक्क्यांनी वाढतो आणि ७० चे १०० व्हायला सहा वर्षं जातात. पाडसं ६० च मिळाली तर वाढ तीन टक्के, आणि बारा वर्षं. मधे आणखी एक तसा हिवाळा येणार नाही, असं बारा वर्षांबद्दल कोण सांगेल? आणि ६० पाडसं असताना वर्षाला पाच माद्या मारत राहिलात, तर कळप वाढायचा राहून उलट खाली जातो. निकृष्ट माळावर कळप 'का सावरत नाही' याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

नरांचं गणित वेगळं. प्राँगहॉर्नमध्ये एक नर अनेक माद्यांना पुरतो. १०० माद्यांमागे ४० नर असोत की २५, पुढच्या जूनमध्ये पाडसं तेवढीच जन्मतात. त्यामुळे खालावलेल्या कळपात मोजके नर मारल्यानं कळपाचं सावरणं लांबत नाही. परवाने कापताना राज्याचं वन्यजीव खातं मादी-पाडसाचे परवाने सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त का कापतं, ते यावरून समजेल. २०२३ मध्ये वायोमिंगनं परवाने हजारोंनी कमी केले, त्यामागे हेच गणित होतं. नरांचे परवानेही कापले जातात, पण ते मुख्यतः पुढच्या काही वर्षांत बघण्यासारखे नर शिल्लक राहावेत म्हणून.

तर तुमच्या नैतिक प्रश्नाचं माझं उत्तर: खालावलेल्या कळपातला एक नर घ्यायला माझी हरकत नाही, त्याच कळपातली मादी घ्यायला आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला, काळवीट हा डोळ्यांनी बघायचा प्राणी झाला, त्यामुळे मराठी माणसाला ही वाटणी विचित्र वाटते. इथली व्यवस्था परवान्याच्या कोट्यावर उभी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेमतेम तेरा हजारांच्या आसपास उरलेला हा प्राणी १९८० च्या दशकात दहा लाखांच्या घरात गेला. त्यासाठीचा पैसा मोठ्या प्रमाणात परवान्यांतून आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं वन्यजीवांसाठी राखून ठेवलेल्या, लांब बंदुका व काडतुसांवरच्या ११ टक्के करातून आला. परवाने कमी झाले की मोजणीच्या विमानाचा पैसाही कमी होतो, ही या व्यवस्थेतली दुखरी बाजू. (जाता जाता: काळविटाशी याचं नातं नाही. हा खरा अँटिलोपच नव्हे, जिवंत प्राण्यांत याचा सर्वांत जवळचा नातलग जिराफ-ओकापी.)

मादीचा परवाना सरसकट वाईट, असं मात्र म्हणत नाही. पूर्व वायोमिंगमध्ये काही ठिकाणी कळप ठरवलेल्या उद्दिष्टाच्या वर असतो, सिंचनाच्या अल्फाल्फावर (लसूणघासावर) रोज संध्याकाळी शंभर-शंभर जनावरं उतरतात, आणि शेतकरी वैतागलेला असतो. तिथे माद्या कमी करणं हाच उद्देश असतो, आणि तुमचा मित्र अशा क्षेत्राबद्दल बोलत असेल तर तो बरोबर आहे. फक्त जमीन कुणाची ते आधी बघा. सोडतीत हमखास मिळणारे आणि सोडतीनंतर उरलेले परवाने बहुधा अशाच क्षेत्रांचे असतात जिथे जवळपास सगळी जमीन खासगी आहे. परवाना चाळीसेक डॉलरात मिळतो आणि आत पाऊल टाकायला त्याच्या कितीतरी पट पैसे मागतात, किंवा कुणी फोनच उचलत नाही. अर्जाआधी मालकाची परवानगी मिळवा, नाहीतर खात्यानं भाडेपट्ट्यानं खुली केलेली 'वॉक-इन' क्षेत्रं नकाशावर शोधा.

आता क्षेत्र कसं तपासायचं. वायोमिंग गेम अँड फिश खातं दरवर्षी कळपवार सविस्तर अहवाल काढतं, ते फुकट वाचता येतात. शिकार क्षेत्राचा क्रमांक आणि कळपाचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एका कळपात बरीच क्षेत्रं असतात. म्हणून तुमचं क्षेत्र कुठल्या कळपात मोडतं ते आधी काढा. मग मी तीन आकडे बघतो. एक, १०० माद्यांमागे पाडसं, पण एका वर्षाची नव्हे, सलग पाच वर्षांची. एकच वर्ष खाली असेल तर तो हंगाम, पाचही वर्षं पन्नासच्या आसपास रेंगाळली असतील तर तो माळाचा आजार. दोन, वर्षभराचे तरुण नर १०० माद्यांमागे किती. हा आकडा कोसळलेला दिसला की दोन-तीन वर्षांनी चांगल्या नरांची पोकळी येणार, हे नक्की समजा. तीन, मारलेल्या दर जनावरामागे शिकाऱ्यांना लागलेले दिवस. परवाने तेच असताना दिवस वाढत चालले असतील, तर शिकारी तुमच्याआधी मोजणी करून गेलेत. एकूण संख्येचा अंदाज मी सर्वांत शेवटी वाचतो. तो मोजलेला नसतो, काही मोजण्यांवरून गणितानं काढलेला असतो आणि पुढे दुरुस्तही होतो.

तुमच्या चार पॉइंटांचं काय? बाहेरच्या राज्यातल्यांच्या वाट्याचे ७५ टक्के परवाने जास्त पॉइंटवाल्यांना आणि २५ टक्के चिठ्ठीनं जातात. कोटा कमी झाला की रांग तीच राहते आणि दार अरुंद होतं. काल तीन पॉइंटांत निघणारं क्षेत्र उद्या सहा मागतं. म्हणून गेल्या वर्षीच्या सोडतीचे तक्ते बघताना तेव्हाचा कोटा आणि यंदाचा कोटा शेजारी ठेवा. यंदाचे आकडे वसंतात आयोगाच्या बैठकीनंतर पक्के होतात आणि तुमच्या अर्जाची मुदत जूनच्या सुरुवातीला असते, त्यामुळे मे महिना हातात असतो. घाईनं फेब्रुवारीतच अर्ज भरून टाकू नका. विशेष दराच्या परवान्याची वेगळी सोडतही असते, तो साध्याच्या तिपटीहून महाग आहे. तिथे गर्दी कमी असते, पण खालावलेल्या क्षेत्रासाठी तेवढे पैसे मी घालणार नाही.

थांबायचं ठरवलंत तर नुसता पॉइंट विकत घेता येतो, त्याची खिडकी उन्हाळ्यात उघडते. सलग दोन वर्षं काहीच केलं नाही तर साठलेले पॉइंट जातात, हे अनेकांना तेव्हाच कळतं जेव्हा ते गेलेले असतात. मित्राबरोबर एकत्र अर्ज केलात तर दोघांच्या पॉइंटांची सरासरी धरतात. त्याचे शून्य असतील तर तुमचे चार दोनच्या किमतीचे होतात. कमी दराच्या मादी-पाडसाच्या परवान्याला पॉइंट खर्च होत नाहीत.

माझा सल्ला विचाराल तर: चार पॉइंट हे मधलं वय आहे. सबलेटसारख्या फटका बसलेल्या, पण माळ चांगला असलेल्या कळपासाठी थांबण्यात अर्थ आहे, कारण तिथे वाट बघितल्यावर काहीतरी मिळतं. पाडसांचा आकडा दहा वर्षं उतरत चाललेल्या क्षेत्रासाठी थांबू नका. ते पाच वर्षांनी आजच्यापेक्षा बरं नसेल आणि पॉइंट मात्र जास्त मागेल. अशा ठिकाणी जायचंच असेल तर लवकर जा, नर घ्या आणि मोठ्या शिंगांची आशा घरी ठेवा.

शिंगांबद्दल एवढंच, की हा प्राणी शिंगाचं बाहेरचं कवच दर नोव्हेंबर-डिसेंबरात टाकतो आणि नवं कवच मुख्यतः हिवाळ्यात आणि वसंतात वाढतं. त्यामुळे कडक हिवाळ्यानंतरच्या शरदात जिवंत राहिलेले थोराड नरही आखूड शिंगांचे दिसतात. त्या वर्षी पॉइंट उडवणं म्हणजे दुहेरी नुकसान. कान साधारण १५ सेंटिमीटरचा असतो, शिंग त्याच्या दुपटीहून बरंच उंच आणि पुढचा फाटा कानाच्या टोकाच्या वर असेल तर नर चांगला समजा.

मादीचा परवाना घेतलाच, तर दोन चुका टाळा. माद्यांनाही शिंगं असू शकतात, पण ती कानापेक्षा आखूड आणि बिनफाट्याची असतात. नराच्या जबड्याखाली, गालावर काळा डाग असतो, तो दुर्बिणीतून बघितल्याशिवाय बंदूक उचलू नका. दुसरी चूक कळपात गोळी चालवण्याची. हे प्राणी एकमेकांना चिकटून उभे राहतात, गोळी आरपार जाते आणि मागची दुसरी मादी लंगडत निघून जाते. लक्ष्याच्या मागे आणि पुढे मोकळा माळ दिसेपर्यंत थांबा. मर्मस्थान जेमतेम वीस-बावीस सेंटिमीटरचं असतं आणि तिथला वारा ताशी तीस-चाळीस किलोमीटर सहज असतो, त्यामुळे दोनशे मीटरच्या आत जाता येईपर्यंत रांगणं हाच उपाय. जखमी होऊन हरवलेलं जनावर कोट्यात धरलं जात नाही, कळपातून मात्र जातंच.

सप्टेंबरात दुपारी ३० अंश असतात आणि याचे केस पोकळ, उष्णता धरून ठेवणारे. पोट साफ करून लगेच कातडं काढा, मांस सावलीत गार होऊ द्या आणि तासाभरात बर्फाच्या पेटीत घाला. 'प्राँगहॉर्नच्या मांसाला वास येतो' असं म्हणणाऱ्यांनी ते बहुधा कातड्यासकट गाडीच्या मागे तापवलेलं असतं.

शोधताना कुंपणं वाचायला शिका. हा प्राणी सहसा तारेवरून उडी मारत नाही, खालून सरपटतो. नेहमीच्या वाटेवर सर्वांत खालच्या तारेच्या काट्यांना पांढुरके, ठिसूळ केसांचे झुबके अडकलेले आणि खाली माती घासून चकचकीत झालेली दिसते. तिथे थांबण्यासारखी दुसरी जागा नाही. खालची तार बिनकाट्याची आणि जमिनीपासून ४० ते ४५ सेंटिमीटरवर असेल तर कळप न अडखळता जातो. विणलेल्या जाळीचं कुंपण असेल तर तो किलोमीटरच्या किलोमीटर कडेनं चालत राहतो, आणि बर्फात तिथेच अडकून मरतो. शिकाऱ्यांचे गट उन्हाळ्यात असली जुनी कुंपणं काढायला आणि खालची तार बदलायला स्वयंसेवक बोलावतात. परवाना नसलेल्या वर्षी तिथे जाऊन शनिवारभर पकड चालवली, तर क्षेत्राची जमीनही पायाखालची होते आणि मालकांच्या ओळखी होतात.

शेवटी कागदपत्रं. १ जानेवारी १९६६ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना वायोमिंगमध्ये शिकार सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, कोलोरॅडोचं चालतं. बंदुकीनं शिकार करताना भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा अंगावर हवा. आणि तुम्ही ग्रीन कार्डाआधीच्या, म्हणजे एच-१बी सारख्या व्हिसावर असाल तर हे नीट वाचा: अशा व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला संघीय कायद्यानं मनाई आहे, आणि त्यातला एक अपवाद वैध शिकार परवाना असण्याचा आहे. तेव्हा मित्राची बंदूक सरावाला हातात घेण्याआधीही परवाना तुमच्या नावावर चालू असला पाहिजे. परवान्याची मुदत संपली की तो अपवादही संपतो. स्थलांतर कायद्याच्या वकिलाला एकदा विचारून घ्या, त्याची फी परवान्याइतकीच असेल.